पहाटेची कंबरदुखी : बाज, गादी की भुई? झोपावं तरी कशावर?

पांढरंसोनं | २८ डिसेंबर, रात्री ९.५०

मंडळी, दीड-दोन महिन्यांपासून एक गोष्ट सुटून नाही राहिली म्हणून धागा काढतोय. वय ४४. राळेगाव तालुका, सात एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर, दारात दोन म्हशी.

कंबर दिवसा वावरात दुखत नाही. दुखते पहाटे. पाचला जाग येते तेव्हा कंबरेत कोणी पाचर ठोकून ठेवली असं वाटतं. कूस बदलायची तर आधी मनात तयारी करावी लागते. अर्धाएक तास गेला, म्हशी झाल्या, चहा झाला की अंग मोकळं होतं आणि मग रात्रीपर्यंत गाडी चालते.

सुरुवात दिवाळीनंतरची. कापसाचं गाठोडं बैलबंडीत टाकताना उसण भरली. तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं. एक सुई, दहा गोळ्या, आणि निघताना सल्ला, "कडक जागी झोपा, फळीवर झोपलात तर फारच छान." घरी आलो, बाज उभी करून भिंतीला लावली आणि फरशीवर सतरंजी टाकून झोपायला लागलो. कंबर होती तशीच आहे, वरून आता खांदा आणि कुल्ल्याचं हाड पण बोलायला लागलं.

घरात तीन मतं. आई म्हणते बाप-आजे बाजेवरच झोपले, तू काय वेगळा? बायको म्हणते घरचा कापूस आहे, गादी भरून घेऊ. पोरगा म्हणतो ऑनलाइन फोमची मागवू, अठरा हजाराची. अठरा हजार म्हणजे आजच्या भावानं अडीच क्विंटल कापूस. एवढा कापूस विकून फोमवर झोपायचं, हे काही मनाला पटत नाही.

कोणाला अनुभव?

वऱ्हाडीठेचा | २८ डिसेंबर, रात्री १०.१५

भाऊ, थ्या डॉक्टरले म्हणा आधी तुमी झोपा फळीवर, मंग आमाले सांगा.

मजाक सोडा. माहा बुडा ऐंशीच्या वर हाय. जलमभर बाजेवर झोपला, कंबर दुखते हे त्याच्या तोंडून आयकलं नाई. पण एक गोष्ट सांगतो. थो दर पंधरा दिवसाले पायथ्याची दोरी कसते. पाय लावून, दात खाऊन कसते. कसली का बोटानं टिचकी मारून पायते, डफासारखी वाजली पायजे म्हणते. तुमची बाज शेवटची कधी कसली होती?

पांढरंसोनं | २८ डिसेंबर, रात्री १०.२२

खरं सांगू? आठवत नाही. वडील होते तेव्हा कसत.

निवृत्तगुरुजी | २९ डिसेंबर, सकाळी ६.०५

भुईसारखं अंथरूण नाही. आमच्या पिढीला हे गादीचे लाड ठाऊक नव्हते. पाठीचा कणा सरळ राहायचा असेल तर खाली सपाट जमीनच हवी, हे साधं शास्त्र आहे. खांदा दुखतो कारण सवय नाही. दोन महिने नेटानं झोपा. आणि शक्य असेल तर महिनाभर पूर्ण आराम, वावरात जाणं बंद.

धुऱ्यावरचा | २९ डिसेंबर, सकाळी ७.३०

गुरुजी, हात जोडून. डिसेंबर आहे म्हणून ठीक, पण हा सल्ला पावसाळ्यात कोणाला देऊ नका. मी रानडुकरांपायी वर्षातले चार महिने जागलीला जातो, वावरातल्या माळ्यावर झोपतो. खाली का झोपत नाही? मण्यार. ती रात्रीच फिरते, आणि भुईवर झोपलेल्या माणसाला चावली तर पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, पापण्या मिटायला लागतात, तेव्हा कळतं. आमच्या शेजारच्या गावात एक पोरगी अशीच गेली. घरच्यांना वाटलं रात्रीचं जेवण बाधलं.

कंबरेसाठी भुईवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चहूबाजूंनी अंथरुणाखाली दाबा. नुसती लोंबती मच्छरदाणी उपयोगाची नाही. आणि जनावर चावल्याचा संशय जरी आला तरी मांत्रिकाकडे नाही, सरळ सरकारी दवाखाना. सापाच्या विषावरचं औषध तिथे मिळतं.

विषय कंबरेचा होता, माहीत आहे. पण आपल्याकडे झोपण्याच्या जागेचा विषय निघाला की हे आधी येतं.

वर्धेचीफिजिओ | २९ डिसेंबर, दुपारी २.४०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात काम करते. माझ्याकडे येणारे निम्मे लोक "कडक जागी झोपा" हे वाक्य सोबत घेऊनच येतात. त्यामुळे जरा लांबण लावते.

हा सल्ला पूर्वी बहुतेक डॉक्टर देत, चांगल्या हेतूनंच. मग २००३ मध्ये स्पेनमधला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कंबर जुनी दुखणारी ३१३ माणसं घेतली. त्यांच्या घरच्या गाद्या बदलून निम्म्यांना कडक दिल्या, निम्म्यांना मध्यम कडक. कोणाला कुठली मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी पाहिलं तर मध्यम गादीवाल्यांचं अंथरुणातलं दुखणं आणि उठतानाचं दुखणं, दोन्ही कडकवाल्यांपेक्षा जास्त कमी झालेलं होतं.

कारण समजून घ्या. माणूस काही फळी नाही. कुशीवर झोपला की खांदा आणि कुल्ला बाहेर येतात, कंबर आत राहते. खाली फरशी असेल तर सगळा भार त्या दोन हाडांवर, आणि कंबर मध्ये अधांतरी. रात्रभर स्नायू तिला धरून ठेवतात. तुमचा खांदा का बोलतोय ते लक्षात आलं? उलट झोळ पडलेल्या बाजेत कुल्ला सगळ्यात जड म्हणून तोच खाली जातो आणि पाठ केळ्यासारखी वाकते. म्हणजे दोन्हीकडे कंबरच मरते. हवं ते असं, की खालचा आधार सपाट आणि न वाकणारा, त्याच्यावर तीनचार इंच दबणारं काहीतरी. ते अठरा हजाराचंच हवं असं नाही.

गुरुजी, तुमच्या आरामाच्या सल्ल्याबद्दल आदरानं थोडं वेगळं सांगते. १९८६ मध्ये अमेरिकेत २०३ कंबरदुखीच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला होता. काहींना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दुखणं बरं होण्यात फरक पडला नाही, फक्त सात दिवसवाल्यांचे कामाचे दिवस जास्त बुडाले. उसण भरली की एकदोन दिवस सांभाळावं, मग झेपेल तसं चालायला लागावं.

आता मूळ धागाकर्त्या भाऊंना प्रश्न. उत्तरं इथेच द्या, मोघम नको.
उजव्या कुशीवर झोपता, डाव्या, की पालथे? उशी कशाची, किती जाड? रात्री दुखण्यानं जाग येते का, की फक्त पहाटे? ताप, वजन उतरणं, पायाला मुंग्या, पायातली ताकद कमी, लघवी-संडासला त्रास, यातलं काही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही नेमकं काय करता?

पांढरंसोनं | २९ डिसेंबर, रात्री ८.१०

ताई, खूप आभार. झोपतो उजव्या कुशीवर, पहाटे बायको म्हणते पालथा पडलेला असतो. उशी म्हणजे जुन्या लुगड्यांची वळकटी, आता दगड झालीये. ताप, वजन वगैरे काही नाही. पाय ठीक. रात्री दुखून जाग येत नाही.

पहिल्या अर्ध्या तासात? उठलो की तसाच गोठ्यात. शेण काढतो, घमेल्यानं उकिरड्यावर टाकतो, मग धार काढायला बसतो. विचारायचं कारण?

वर्धेचीफिजिओ | २९ डिसेंबर, रात्री ९.३०

कारण हेच की मला गादीपेक्षा तुमच्या शेणाच्या घमेल्यावर जास्त संशय आहे.

मणक्यांच्या मध्ये ज्या चकत्या असतात त्या दिवसभर दाबल्या जातात, रात्री आडवं झालं की पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी आपण रात्रीपेक्षा एखाद सेंटिमीटर उंच असतो. हे खरंच मोजता येतं, पोराला दाराच्या चौकटीवर खूण करायला सांगा. ती वाढलेली उंची उठल्यावर पहिल्या तासातच बरीचशी उतरते. तोवर चकती तट्ट भरलेली असते, आणि अशा वेळी कंबरेतून वाकलं की तिच्यावर ताण दिवसापेक्षा कितीतरी जास्त येतो. भिजून फुगलेलं दार चौकटीत जोरात लोटल्यासारखं. १९९८ मध्ये एका अभ्यासात जुन्या कंबरदुखीच्या लोकांना एवढंच शिकवलं होतं की पहाटे वाकणं टाळा. दुखणं कमी झालं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त वाकायची कामं नेमकी उठल्याउठल्याच. शेण, सडा, झाडणं, धार, चूल.

तर झोपेचं असं करा. कुशीवरच झोपा, पण दोन गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची जाड घडी ठेवा. वरचा पाय पुढे घसरला की कंबर पिळली जाते, ती घडी हे थांबवते. डोक्याची उशी खांदा आणि कान यांच्यामधली जागा भरेल एवढी. जास्त नाही, कमी नाही. वहिनींना पाठीमागून पाहायला सांगा, मान आणि पाठ एका रेषेत दिसली पाहिजे. उताणं झोपलात तर तीच घडी गुडघ्याखाली. पालथं झोपायची सवय सुटत नसेल तर पोटाखाली पातळ उशी आणि डोक्याखालची काढून टाका, पण खरं म्हणजे सोडाच ती सवय.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, गुडघे जवळ घ्या, पाय कडेवरून खाली सोडा आणि त्याच वेळी हाताच्या रेट्यानं धड वर येऊ द्या. भुईवर झोपणाऱ्याला हे जमतच नाही, त्याला दुमडूनच उठावं लागतं. भुईवरचं झोपणं मला आवडत नाही याचं हेही एक कारण.

रोवणीवाली | ३० डिसेंबर, दुपारी १.१५

फिजिओताईंचं पहाटेचं वाचून डोळ्यात पाणी आलं, हसून की रडून माहीत नाही. मी पवनीकडची, धानपट्टा. रोवणीच्या दिवसात आम्ही आठ-आठ तास चिखलात ओणव्या. सगळे म्हणायचे तुझी कंबर रोवणीनं गेली. पण रोवणी संपून पोळा झाला तरी दुखायची. मग कळलं, पहाटे अंगणाचा सडा. आखूड खराटा, पूर्ण वाकून, झोपेतून उठून लगेच. लांब दांड्याचा झाडू आणला तर सासूबाई म्हणाल्या, अंगण झाडते की होडी वल्हवते!

एक गोष्ट बायांसाठी. पोटुशी असताना मला शेवटच्या महिन्यांत काहीच सोसत नव्हतं. आशाताईंनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं, गुडघ्यात उशी आणि पोटाखाली लुगड्याची घडी. पोटाचा भार त्या घडीवर गेला तेव्हा पहिल्यांदा सलग झोप लागली. घरातला माणूस म्हणाला उशांचं दुकान लावलं. लावू द्या.

धुनकी | ३० डिसेंबर, रात्री ९.००

गादीचं मी बोलतो, आमचा तीन पिढ्यांचा धंदा आहे. आजोबा कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरत, तारेचा तो टणत्कार ऐकून बाया जुन्या गाद्या बाहेर काढत. आता मी छोट्या टेम्पोवर मशीन घेऊन फिरतो. आवाज जास्त, काम लवकर, संगीत नाही.

पांढरंसोनंभाऊ, हिशोब ऐका. तीन बाय सहाच्या गादीला आठनऊ किलो रुई लागते. एक क्विंटल कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे तुमच्या गादीला पंचवीस-सत्तावीस किलो कापूस. आता भाव तुम्हीच लावा, मग खोळ आणि मजुरी धरा, तरी अठरा हजाराच्या आसपास कुठे जात नाही.

पण लोक चुकतात कुठे ते सांगतो. एक, घरी सरकी नीट न काढता भरतात. सरकीचा तुकडा राहिला की तो पाठीला टोचतो आणि उंदीर बोलावतो. दोन, स्वस्तात पडते म्हणून रुईत गिरणीचा चोथा आणि चिंध्यांचा भुगा मिसळतात. सहा महिन्यांत गोळे. तीन, टाके कमी. दाभणानं आरपार टाके दर वीतभर हवेत, नाहीतर रुई कडेला पळते आणि मधोमध, जिथं कंबर येते तिथंच, खड्डा. चार, एकदा भरली की दहा वर्षं विसरतात. कापसाची गादी महिन्यातून एकदा उन्हात टाकायची, काठीनं झोडायची, उलटायची, उशाची बाजू पायथ्याला फिरवायची. दोनतीन वर्षांनी पिंजून घ्यायची. पिंजली की तीच रुई पुन्हा फुलते, नवीन लागत नाही. फोमला ही सोय नाही, बसला तो बसला.

नवी गादी पहिल्या महिन्यात फार फुगीर लागेल. फिजिओताई म्हणतात तो मध्यम कडकपणा महिनाभर दबल्यावर येतो, घाबरू नका. आणि खाली दिवाण किंवा तखत पाहिजे. ढिल्या बाजेवर नवी गादी टाकली तर झोळालाच गादी घातली म्हणायची.

उशीसाठी सावर. काटेसावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, तो कापूस रेशमासारखा, दबत नाही लवकर. गादीला मात्र घेऊ नका, सटकतो.

वऱ्हाडीठेचा | ३० डिसेंबर, रात्री ९.२०

उंदीर बोलावते म्हणजे! आमच्या घरच्या गादीत एका सालीं पिल्लं निंघाली होती. बायको आजई म्हणते तुयाच बाजूनं होती.

अकोल्याचाबाळू | ३ जानेवारी, रात्री ११.४०

हसण्याच्या धाग्यात गंभीर लिहितो, माफ करा. पण लिहिलं पाहिजे.

माझ्या वडिलांची कंबर पाच महिने दुखली. आम्ही दर महिन्याला काहीतरी बदललं. बाज बदलली, गादी बदलली, तेल बदललं, मालिशवाला बदलला. एका ओळखीच्या डॉक्टरांकडे दर आठवड्याला सुई. दोन दिवस बरं, परत तेच. त्यांचं दुखणं रात्री वाढायचं, कुठल्याच कुशीवर आराम नाही, संध्याकाळी बारीक ताप, आणि पँट ढिली होत होती. आम्ही म्हटलं दुखण्यानं जेवण कमी झालं. शेवटी पाय लटपटायला लागले तेव्हा मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. मणक्याचा क्षय निघाला. वर्षभर गोळ्या चालल्या, सरकारी होत्या, फुकट. आज चालतात, पण काठी आहे.

खोकला नव्हता. क्षय म्हणजे खोकला एवढंच आम्हाला माहीत होतं.

वर्धेचीफिजिओ | ४ जानेवारी, सकाळी ८.२०

बाळूभाऊ, लिहिलंत ते फार बरं केलं. वडिलांना नमस्कार सांगा.

याला जोडून. दुखणं जर कुशी बदलली, बसलं, उभं राहिलं तरी तसूभर हलत नसेल आणि रात्री जास्त असेल; ताप, घाम, वजन उतरणं; आधी कधी कर्करोग झालेला असेल; पडल्या-झडल्यानंतर किंवा म्हातारपणी नुसतं वाकताना अचानक कळ भरली असेल; तर अंथरूण बदलत बसू नका, तपासून घ्या. जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा कळत न होणं, पाऊल उचललं न जाणं, यात तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. रात्र काढायची नाही.

आणि पोरांसाठी वेगळं. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, आरामानं वाढत आणि हालचालीनं कमी होत असेल, तीन महिने झाले असतील, तर तो सांध्यांच्या सुजेचा एक आजार असू शकतो. रक्त तपासणी आणि फोटोवर कळतो. "गादी नरम आहे" म्हणून अशी मुलं वर्षानुवर्षं फिरतात. पांढरंसोनंभाऊ, तुमचं वय जरा पुढचं आहे आणि सुरुवात ओझ्यानं झाली, म्हणून मी आधी घमेलं धरलं. पण दीड महिन्यात उतार पडला नाही तर तुम्हीही दाखवा.

धुऱ्यावरचा | ४ जानेवारी, सकाळी ९.००

सुयांवरून आठवलं. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध ढोरांना द्यायला २००६ मध्ये बंदी आली, कारण ते दिलेलं ढोर मेलं की त्याचं मांस खाऊन गिधाडं मरायची. मूत्रपिंड निकामी. लहानपणी आमच्या गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळ काळं व्हायचं, आता पोरांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं. माणूस गिधाड नाही, मान्य. पण आमच्याकडं लोक कंबरेसाठी दर बाजाराच्या दिवशी थैली हातात घेऊन तीच सुई घेतात, भाजी घेतल्यासारखी.

वर्धेचीफिजिओ | ४ जानेवारी, सकाळी ९.२५

माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, पण दर आठवड्याची सुई, वरून उन्हात काम आणि पाणी कमी, हे त्याला सोसत नाही. जठरालाही नाही. चारदोन दिवस डॉक्टरांच्या सांगण्यानं ठीक.

पांढरंसोनं | १२ जानेवारी, रात्री ८.४५

आज घरात प्रयोगशाळा होती.

भिंतीला लावलेली बाज पाडली. दोन्ही लांब दांड्यांवर वेळू आडवा ठेवला आणि मधला झोळ मोजला. मोकळ्या बाजेला सहा बोटं. मग मी वर झोपलो, पोरानं खालून दोरी लोंबवून पाहिलं, कंबरेपाशी पूर्ण एक वीत आणि वर दोन बोटं. आई बाजूला उभी होती. म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळी अशी नव्हती." मग पोरगा आणि मी, दोघांनी पाय लावून पायथ्याची दोरी कसली. हाताला फोड आले. परत मोजलं, मी झोपल्यावर चार बोटं. टिचकी मारली. डफ नाही, पण टमकीसारखा आवाज आला, ठेचाभाऊ.

दुसरं, चौकटीवर उंची. पोरानं पेन्सिलनं रात्री एक खूण केली, पहाटे एक. सव्वा सेंटिमीटर! आता शाळेत सांगत फिरतोय, आमचा बाबा रात्री वाढते म्हणून.

तिसरं अवघड गेलं. म्हशी वाट पाहत नाहीत. तोडगा असा निघाला की उठल्यावर मी आधी धुऱ्यापर्यंत चालत जाऊन येतो, वीस मिनिटं. तोवर शेण पोरगा काढतो. त्याबदल्यात त्याला मोबाइलचा रिचार्ज मोठा पाहिजे. धार काढताना उकिडवा न बसता लाकडी पाटावर बसतो, बादली गुडघ्यात, अंग म्हशीच्या पोटाला जवळ. म्हैस पहिले दोन दिवस नाराज होती.

गादी भरायला टाकली आहे. धुनकीभाऊ आमच्या पट्ट्यात येतात का?

निवृत्तगुरुजी | १३ जानेवारी, सकाळी ६.१०

प्रयोग आवडला. मोजून पाहिलं हे उत्तम. भुईबद्दल माझं मत मी थोडं मागे घेतो, पूर्ण नाही. मीही काल पत्नीला पाठीमागून रेषा पाहायला सांगितली. ती म्हणाली रेषाच नाही.

पांढरंसोनं | २० फेब्रुवारी, रात्री ९.३०

हालहवाल. गादी आली, जुन्या दिवाणावर टाकली, धुनकीभाऊंनीच भरली. पहिले दहा दिवस खरंच फुग्यावर झोपल्यासारखं. गुडघ्यातली घडी आठवडाभर पहाटे दिवाणाखाली सापडायची, आता राहते. पालथं पडणं कमी झालं कारण बायको कोपर मारते.

पहाटेची पाचर अजून आहे, पण बारीक. उठायला आधी जिथं पाच मिनिटं लागत तिथं आता वळलो की उठलो. खांद्याचं दुखणं मात्र पूर्ण गेलं, फरशी सोडल्याच्या चौथ्या दिवशी.

मधे माती खाल्ली. तुरीच्या पेंढ्या खळ्यावर आणायच्या होत्या, आभाळ भरून आलं, पहाटे साडेपाचला उठून तसाच धावलो आणि वाकून पेंढ्या उचलल्या. परत उसण. दोन दिवस सांभाळलं, तिसऱ्या दिवसापासून चालायला लागलो, सुई घेतली नाही. आठवड्यात उतरली. गेल्या वेळी महिना गेला होता.

ताई, एक विचारायचं. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर. कापसाच्या गादीवर माणूस शिजेल. सगळं गाव अंगणात बाजेवर. तेव्हा काय?

वर्धेचीफिजिओ | २१ फेब्रुवारी, दुपारी १.५०

प्रगती छान आहे. उसण परत भरेल, पुढेही कधीतरी भरेल. ती आठवड्यात उतरली हे मला जास्त आवडलं.

उन्हाळ्यात बाजेवर खुशाल झोपा. झोप न लागणं हेही कंबरेला वाईटच, जागरणानं दुखणं जास्त जाणवतं. फक्त बाज कसून घ्या, आठवड्याला एकदा. वर दुहेरी सुती गोधडी पुरे. उताणं झोपलात तर गुडघ्याखाली वळकटी. नवारीची खाट असेल तर सुतळीपेक्षा बरी, पट्ट्या रुंद असल्यानं भार पसरतो, पण नवारही ढिली पडते. रात्री पाणी शिंपडून ओल्या अंगणात बाज टाकता ना? दोरी ओलाव्यानं सैल-घट्ट होत राहते, तेव्हा टिचकी मारायला विसरू नका.

पांढरंसोनं | २४ एप्रिल, रात्री ८.००

बाज बाहेर आली. ४३ आहे सध्या.

गादीची गोष्ट सांगायची राहिली. होळीच्या सुमारास आई एक दिवस दुपारी माझ्या गादीवर आडवी झाली, "जरा पाहते" म्हणून. संध्याकाळी उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत. तिसऱ्या दिवशी तिची गोधडी, पानाचा डबा आणि जपमाळ माझ्या उशाशी आले. बाप-आजे बाजेवर झोपले म्हणणारी हीच. तिचे गुडघेही रात्री कमी दुखतात म्हणते, गुडघ्यात घडी कोणी शिकवली विचारलं तर म्हणते मला आधीपासून माहीत होतं.

धुऱ्यावरच्या काटेसावरीची बोंडं फुटून राहिली, वारा आला की सगळीकडे पांढरं. पोरगा दोन पोती गोळा करून आणतो म्हणाला, एका उशीमागे वीस रुपये दर लावला आहे त्यानं.

धुनकीभाऊ, परत कधी येता? आणखी एक गादी भरायची आहे.

धुनकी | २४ एप्रिल, रात्री ८.३५

अक्षय्य तृतीया झाली की निघतो. सावरीचा कापूस बोंडातून काढून बिया वेगळ्या करून ठेवा, आणि वाऱ्याला बसू नका, घरभर उडतो. दुसऱ्या गादीला रुई थोडी जास्त घ्या. आईंनी ही पण पाहायला मागितली तर?

वऱ्हाडीठेचा | २४ एप्रिल, रात्री ८.४०

भाऊ, दोन नाई, तीन भरा.